स्पर्शच नकोसा झाला असताना स्पर्शोपचार घ्यावेत का?

प्रश्न थोडक्यात असा: दीड वर्षापूर्वी गाडीचा अपघात झाला, बराच वेळ आत अडकून राहावं लागलं. जखमा भरल्या. पण झोप नीट लागत नाही, मोठा आवाज झाला की छाती धडधडते आणि मागून कुणी खांद्यावर हात ठेवला तर सगळं अंग आखडतं. कुणी टॅपिंग (ठरावीक बिंदूंवर बोटांनी थोपटणं) करायला सांगितलं, कुणी मालिश, कुणी ईएमडीआर (डोळे डावी-उजवीकडे हलवत आठवणीवर काम करणारा मानसोपचार). यात तथ्य किती, घरच्या घरी काय करता येईल आणि मुळात स्पर्शच सहन होत नसेल तर या वाटेला जावं का?

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. जरूर जावं. पण पहिला हात तुमचा स्वतःचा असावा. दुसऱ्या कुणाचा हात लागायचाच असेल तर तो कुठे लागणार, किती वेळ राहणार आणि कधी उचलला जाणार, हे तुम्ही ठरवावं. आघातातून आलेल्या माणसांबरोबर काम करताना मला तंत्रांच्या नावांपेक्षा हीच गोष्ट कायम मोठी वाटत आली आहे. तंत्र साधं असलं तरी चालतं, मर्जी मात्र तुमचीच लागते.

असं का, ते सांगते. त्वचेकडून मेंदूकडे स्पर्शाचा निरोप मुख्यतः दोन प्रकारच्या मज्जातंतूंमधून जातो. जाड, वेगवान तंतू काय लागलं, कुठे लागलं, टोकदार होतं की बोथट, हे क्षणात कळवतात. दुसरे असतात ते बारीक आणि मंद, त्यांना सी-टॅक्टाइल तंतू म्हणतात. त्यांच्यातला निरोप सेकंदाला साधारण एक मीटर इतक्या संथपणे जातो. ते सर्वांत जास्त चेततात ते हलक्या, त्वचेइतक्याच उबदार आणि सेकंदाला १ ते १० सेंटिमीटर वेगाने फिरणाऱ्या हाताने. स्वीडनमधल्या हाकन ओलाउसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये एका महिलेचा अभ्यास प्रसिद्ध केला. आजारामुळे तिचे जाड तंतू निकामी झाले होते. मऊ ब्रश फिरवला की स्पर्शाचा तपशील तिला धड सांगता येत नसे, पण काहीतरी सुखद वाटतंय एवढं कळत असे. त्या वेळी तिच्या मेंदूतला इन्सुला हा भाग जागा होत होता, आणि भावनांचा या भागाशी जवळचा संबंध आहे.

हे वाचून कुणी म्हणेल, मग हळू हात फिरवला की झालं! तसं होत नाही. अमेरिकेतल्या जेम्स कोन यांच्या गटाने २००६ मध्ये १६ विवाहित स्त्रियांवर एक प्रयोग केला. त्यांना एमआरआय यंत्रात झोपवून विजेचा हलका झटका बसू शकतो अशी सूचना दिली जायची. कधी पतीचा हात हातात असायचा, कधी अनोळखी माणसाचा, कधी कुणाचाच नाही. पतीचा हात धरलेला असताना मेंदूतली धोक्याची धावपळ सर्वांत कमी झाली, अनोळखी हाताने जेमतेम थोडी. पतीपत्नीचं नातं जितकं चांगलं, तितका फरक जास्त. म्हणजे तंतू आपलं काम करतात, पण हात कुणाचा आहे आणि तो इथे कशासाठी आलाय याचा हिशेब मेंदू वेगळा मांडतो.

तुमच्या बाबतीत हा हिशेब बिघडला आहे, आणि त्यात तुमचा दोष नाही. लैंगिक अत्याचारानंतर स्पर्श नकोसा होतो हे लोक समजून घेतात. अपघातानंतर तसं झालं की स्वतः त्या माणसालाही कोडं पडतं. पण आठवून पाहा. आधी तो धक्का, मग हलता येत नाही अशी अवस्था, मग अनोळखी माणसांनी ओढून बाहेर काढणं, स्ट्रेचर, सुया, टाके. त्या सगळ्या हातांनी तुम्हाला वाचवलं, तरी एकानेही तुम्हाला विचारून हात लावला नाही. तेव्हा विचारायला वेळच नव्हता. शरीराने मात्र नोंद केली ती एवढीच की अंगाला काहीतरी होतंय आणि आपल्या हातात काही नाही. मागून आलेला हात हीच नोंद उघडतो.

म्हणून सुरुवात स्वतःच्या हातापासून. याला आधारही चांगला आहे. २०२१ मध्ये जर्मनीत १५९ जणांवर एक नियंत्रित चाचणी प्रसिद्ध झाली. लोकांना परीक्षकांसमोर बोलायला आणि तोंडी गणितं करायला लावून मुद्दाम ताण दिला. त्याआधी काहींनी २० सेकंद स्वतःचा उजवा हात छातीवर आणि डावा पोटावर ठेवला, काहींना मिठी मारण्यात आली, तर काहींना नुसतंच एक बिनस्पर्शाचं काम दिलं. हात ठेवणाऱ्यांत आणि मिठी मिळालेल्यांत कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक तिसऱ्या गटापेक्षा कमी राहिलं. हृदयाचे ठोके मात्र तिन्ही गटांत सारखेच होते. हे मुद्दाम सांगते, कारण लोक छातीवर हात ठेवतात, धडधड थांबत नाही, आणि ‘आपल्याला हे जमत नाही’ म्हणून सोडून देतात. धडधड लगेच थांबावी अशी अपेक्षाच ठेवू नका.

करायचं असं. खुर्चीत बसा, पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, डोळे उघडे. आघातानंतर डोळे मिटून आत बघायला लावणाऱ्या कृती बऱ्याच जणांना उलट्या पडतात, म्हणून डोळे उघडेच बरे. एक हात छातीच्या मधोमध, दुसरा पोटावर. दाबायचं नाही, नुसतं वजन टेकू द्यायचं. तळव्याची ऊब कपड्यातून जाणवते का, श्वासाबरोबर कुठला हात जास्त हलतो, एवढंच पाहायचं. श्वास मुद्दाम खोल घेऊ नका, ज्यांना धाप लागल्यासारखं होतं त्यांना त्याने जास्त घाबरल्यासारखं होतं. नुसता बाहेर सोडताना थोडा लांबवा. वीस-तीस सेकंद पुरेत. आणि पहिले काही दिवस हे बरं वाटत असतानाच करा. भीती शिगेला पोचली की नवीन काही सुचत नाही, तेव्हा अंगवळणी पडलेलंच कामाला येतं.

यानंतर दंड. दोन्ही हातांची घडी घालून प्रत्येक तळवा विरुद्ध खांद्यावर ठेवायचा आणि कोपरापर्यंत हळू खाली न्यायचा. खांदा ते कोपर हे अंतर साधारण ३० सेंटिमीटर असतं. वर दिलेल्या वेगाच्या मधला, सेकंदाला तीन ते पाच सेंटिमीटर असा वेग धरला तर एका फेरीला सहा ते दहा सेकंद लागायला हवेत. बहुतेक जण दोन सेकंदांत उरकतात! मनात आकडे मोजत केलं तर वेग आपोआप सुधारतो.

पण काहींना हा हलका हात गुदगुल्यांसारखा किंवा किडा फिरल्यासारखा वाटतो. सतत सावध असलेल्या शरीराला असं होणं साहजिक आहे. अशांनी हात फिरवण्याचा नाद सोडून सरळ दाब द्यावा. दंड मुठीत घट्ट धरायचा, चार-पाच सेकंदांनी सोडायचा, थोडं खाली सरकायचं, पुन्हा धरायचं, असं मनगटापर्यंत. खोल दाब अनेकांना हलक्या स्पर्शापेक्षा जास्त सुरक्षित वाटतो, कारण त्यात आपल्या शरीराची हद्द स्पष्ट कळते. वजनदार पांघरुणांमागची कल्पनाही हीच. स्वीडनमध्ये २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत नैराश्य, चिंताविकार वगैरे असलेल्या १२० निद्रानाशी रुग्णांपैकी ज्यांना जड पांघरूण दिलं, त्यांची झोप चार आठवड्यांत हलक्या पांघरुणवाल्यांपेक्षा बरीच सुधारली. तरी तुम्हाला ते मी पहिल्याच फटक्यात सुचवणार नाही. तुम्ही गाडीत अडकून पडला होतात. अंगावरचं वजन तुम्हाला धीर देईल की पुन्हा अडकल्यासारखं वाटेल हे आधी सांगता येत नाही. आधी नुसत्या मांड्यांवर काहीतरी जड ठेवून बघा, दिवसा, बसून.

घरी करण्यासारखी आणखी एक कृती म्हणजे फुलपाखरू मिठी. मेक्सिकोत १९९७ मध्ये पॉलीन नावाचं चक्रीवादळ आलं होतं. त्यातून वाचलेल्या अकापुल्कोच्या लोकांसोबत काम करताना लुसिना आर्तिगास आणि इग्नासियो हारेरो यांनी १९९८ मध्ये ही पद्धत घडवली. हात छातीवर एकमेकांना छेदून ठेवायचे, बोटांची टोकं गळपट्टीच्या हाडाखाली, आणि मग डावा-उजवा, डावा-उजवा असा आळीपाळीने हलका थाप द्यायचा. लय चालण्याच्या गतीपेक्षा संथ. इथे एक सावधगिरी. ही कृती मुळात ईएमडीआर उपचाराचा भाग म्हणून जन्माला आली. घरी ती शांत होण्यापुरतीच वापरा, सुरक्षित वाटणारी एखादी जागा डोळ्यांसमोर आणून. अपघाताचं दृश्य मुद्दाम आठवून एकट्याने थापट्या मारत बसू नका. जखम उघडली तर ती बंद करायला त्या वेळी कुणी जवळ हवं.

आता टॅपिंग, ज्याबद्दल सर्वांत जास्त बोललं जातं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉजर कॅलाहन यांनी १९८०च्या दशकात एक पद्धत काढली. त्यांचे विद्यार्थी गॅरी क्रेग यांनी १९९०च्या दशकात ती सोपी करून ईएफटी या नावाने पसरवली. तळहाताची कड, भुवईचं आतलं टोक, डोळ्याच्या बाजूला, डोळ्याखाली, नाकाखाली, हनुवटी, गळपट्टीचं हाड, काखेखाली आणि टाळू, अशा जागांवर बोटांनी थोपटत जायचं. आधी त्रासाला ० ते १० मध्ये आकडा द्यायचा. ही मोजपट्टी मूळची मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांची. मग ‘मला हा त्रास होतोय, तरीही मी स्वतःला स्वीकारतो’ अशा धर्तीचं वाक्य म्हणायचं. थोपटून झालं की पुन्हा आकडा द्यायचा.

उपयोग होतो का? बऱ्याच जणांना होतो. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ८३ जणांच्या चाचणीत एका तासाच्या टॅपिंगनंतर कॉर्टिसॉल सरासरी २४ टक्क्यांनी उतरलं, बोलण्याच्या उपचाराने आणि नुसत्या विश्रांतीने साधारण १४ टक्क्यांनी. मात्र त्याआधी, २००३ मध्ये, कॅनडात ११९ विद्यार्थ्यांवर झालेला प्रयोग मला जास्त बोलका वाटतो. त्यात एका गटाने ठरलेल्या बिंदूंवर थोपटलं, दुसऱ्याने हातावरच्या भलत्याच जागांवर, तिसऱ्याने चक्क एका बाहुलीवर. तिन्ही गटांची भीती सारखीच कमी झाली! ज्या चौथ्या गटाने नुसता वेळ घालवला, त्यांची नाही.

यावरून माझं मत असं की बिंदूंच्या नकाशात आणि ‘ऊर्जेचा अडथळा मोकळा होतो’ या स्पष्टीकरणात दम नाही. त्रासाचं नाव घेऊन त्याच्यासमोर थोडा वेळ थांबणं, त्याच वेळी हाताला एक लयबद्ध काम असणं आणि आकडा द्यायला लागल्यामुळे स्वतःकडे जरा लांबून पाहणं, काम करतं ते हे. म्हणून मी टॅपिंग शिकवते, पण बिंदू चुकला म्हणून कुणाला टोकत नाही. तुम्ही करणार असाल तर विषय लहान घ्या. ‘अपघात’ हा विषय नको. ‘काल हॉर्न वाजला तेव्हा छातीत धस्स झालं’ एवढा पुरे. सुरुवातीचा आकडा पाचाच्या पुढे असेल तर तो विषय घरी घेऊ नका. दोन फेऱ्यांनंतर आकडा उतरायच्या ऐवजी चढला तर थांबा, उठा, दुसऱ्या खोलीत जा.

या सगळ्या कृतींनी शरीर त्या त्या वेळी शांत होतं, पण अपघाताची आठवण आहे तशीच राहते. दीड वर्ष उलटूनही झोप, दचकणं आणि टाळाटाळ टिकून असेल तर आठवणीवरच काम व्हायला हवं. त्यासाठी भक्कम पुरावा असलेले मार्ग मोजकेच आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत आघातोत्तर तणाव विकारासाठी आघातकेंद्रित सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलण्यावर काम करणारा बोलण्याचा उपचार) आणि ईएमडीआर या दोन्हींची शिफारस केली आहे. ईएमडीआरची सुरुवात फ्रान्सिन शपिरो यांनी १९८७ मध्ये केली. उपचार आठ टप्प्यांचा असतो. त्यातला बराच वेळ माहिती घेणं आणि मनाची तयारी यातच जातो, आणि चांगला उपचारक तो टप्पा कधीच उरकत नाही. मग आठवणीचा एक तुकडा मनात धरून डोळे डावी-उजवीकडे हलवायचे, किंवा उपचारक हातांवर आलटून पालटून टकटक करतो, किंवा हातात धरायची दोन लहान कंपनयंत्रं देतो. आठवण मनात धरणं आणि त्याच वेळी हे दुसरं काम करणं, यात मेंदूची तात्पुरतं लक्षात ठेवायची जागा दोन कामांत विभागली जाते आणि आठवणीची धार बोथट होते, असं एक स्पष्टीकरण आहे. तुमच्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे यात स्पर्श बिलकुल आवश्यक नाही. ‘मला हात लावू नका, डोळ्यांनी किंवा यंत्रांनी करू’ असं सांगायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे आणि त्याने उपचार अर्धवट राहत नाही.

मालिशीबद्दल अपेक्षा माफक ठेवा. २०१० मध्ये सार्वत्रिक चिंताविकाराच्या ६८ रुग्णांवर एक चाचणी झाली. काहींना मालिश, काहींना उबदार कपड्यांचा शेक, काहींना नुसतं शांत खोलीत संगीत ऐकत पडून राहणं. १२ आठवड्यांत १० बैठका. तिन्ही गटांची चिंता कमी झाली आणि जवळपास सारखीच. म्हणजे मालिशीने बरं वाटतं हे खरं, पण मालिशीनेच वाटतं असं नाही. आवडत असेल तर घ्या. घेताना कपडे अंगावर ठेवून, खुर्चीत बसून, फक्त तळहात आणि बाहू इथपासून सुरू करा. पालथं झोपून मागून हात येणं तुमच्यासाठी आत्ता सर्वांत वाईट. मध्येच रडू आलं किंवा अंग थरथरलं तर घाबरू नका, होतं तसं. मानेला इजा झाली असेल, रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील किंवा पायात रक्ताची गुठळी झालेली असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मालिश अजिबात नको.

पीटर लेविन यांची सोमॅटिक एक्सपीरियन्सिंग पद्धत शरीरातल्या संवेदनांवर काम करते. तिच्यावर इस्रायलमध्ये ६३ जणांची एक नियंत्रित चाचणी २०१७ मध्ये आली आणि निकाल आशादायक आहेत, पण एवढ्यावर पहिली पसंती म्हणून मी ती देणार नाही. हेवनिंग (दंड, तळवे, चेहरा यांवर हात फिरवणं), क्रेनिओसेक्रल (डोकं आणि पाठीचा कणा यांना हलका स्पर्श) वगैरेंचे दावे मोठे, पुरावा तोकडा. आणि अंगापासून हात वर धरून ‘ऊर्जा’ जाणवते म्हणणाऱ्या थेरप्युटिक टचची परीक्षा तर १९९८ मध्ये एमिली रोझा नावाच्या शाळकरी मुलीने घेतली होती. पडद्याआडून आपल्या कुठल्या हाताजवळ तिचा हात आहे हे २१ उपचारकांना फक्त ४४ टक्के वेळा बरोबर सांगता आलं. नाणं उडवून उत्तर दिलं असतं तरी बरं जमलं असतं.

यातली कुठलीही कृती करताना आवाज लांबून येतायत असं वाटलं, हात आपले नाहीत असं वाटलं, नजर एका जागी खिळली किंवा मधली काही मिनिटं गायब झाली, तर भान सुटायला लागलंय असं समजा. लगेच अंगावरचे हात काढा. पावलं जमिनीवर दाबा, खुर्चीची कड पकडा, समोर दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्या, गार पाण्याने मनगटं भिजवा. असं वरचेवर होत असेल तर स्वतःचे प्रयोग थांबवून उपचारकाकडे जा. उपचारकाच्या खोलीत असं झालं, तर अनेकांच्या तोंडून शब्दच फुटत नाही. त्यामुळे गप्प राहणं म्हणजे होकार, असं मानणाऱ्याकडे जाऊ नये. आधीच एखादी खूण ठरवून ठेवावी, हात वर केला की थांबायचं, आणि प्रत्येक बैठकीत नव्याने विचारलं जावं.

घरच्यांना हे वाचायला द्या. घरच्यांनो, मागून येऊ नका, आधी आवाज द्या, समोर या, आणि आपला हात पुढे उघडा ठेवून थांबा. धरायचा की नाही ते अपघातातून आलेल्या माणसाला ठरवू द्या. ‘मिठी मारू का?’ असं घरात विचारणं परक्यासारखं वाटतं खरं, पण ‘नको’ म्हटल्यावर कुणी रुसलं नाही की पुढच्या वेळी ‘हो’ येण्याची शक्यता वाढते. १३७ अभ्यास एकत्र करून २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या विश्लेषणात स्पर्श किती वेळ चालला याने फारसा फरक पडला नाही, किती वेळा झाला याने पडला. तेव्हा अर्ध्या तासाच्या मालिशीचा घाट घालण्यापेक्षा दिवसातून चार-पाचदा दोन क्षण हात धरणं बरं.

छातीत धडधड होते म्हणताय, तर एकदा हृदय आणि थायरॉइड तपासून घ्या. सगळं मानसिकच आहे असं गृहीत धरू नका. जगणं नको असे विचार येत असतील तर हे सगळं बाजूला ठेवून आजच मानसोपचारतज्ज्ञांना गाठा. चालू असलेली औषधं कुठल्याही स्पर्शोपचारकाच्या सांगण्यावरून बंद करायची नाहीत. ‘एका बैठकीत बरं करतो’ किंवा ‘अमुक स्नायूत अपघात साठलाय, दाबून बाहेर काढतो’ असं कुणी म्हणालं तर तिथून उठा.

उपचारक निवडताना पहिल्या फोनवरच विचारा: आघातावरच्या उपचाराचं तुमचं प्रशिक्षण कुठलं? स्पर्श करणार असाल तर कुठे आणि कशासाठी? मी नको म्हटलं तर दुसरा मार्ग आहे का? तिसऱ्या प्रश्नावर जो अडखळतो किंवा ‘विश्वास ठेवा हो’ म्हणतो, त्याची वेळ घेऊ नका.